भाऊंनी कुठले बटण दाबले?

मयेच्या तळ्याकाठून

रविवारी सकाळी डिचोलीच्या बाजारात भाजीपाव खायला बसलो होतो. आम्ही नेहमीचे चौघे आणि सोबत माझा भाचा. तो पणजीला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय निघाला श्रीपादभाऊ नाईकांचा. उत्तर गोव्यातून १९९९ पासून २०२४ पर्यंत सलग सहा वेळा निवडून आलेला भाजपचा खासदार. शेवटच्या खेपेला रमाकांत खलपांना १ लाख १६ हजारांनी हरवले. एक म्हणाला माणूस साधा, दुसरा म्हणाला वाटेत थांबून विचारपूस करतो. भाच्याने पातळभाजीत पाव बुडवता बुडवता विचारले, "मामा, त्यांनी संसदेत कुठल्या कायद्याला काय मत दिले, एक तरी सांग." चौघांच्याही तोंडात घास होता म्हणून बरे.

घरी येऊन शोधायला बसलो. खासदारांची हजेरी, प्रश्न, भाषणे मांडून ठेवलेली असतात तिथे भाऊंच्या नावापुढे रिकामी जागा! कारण साधे आहे. मंत्री हजेरीपुस्तकात सही करत नाहीत, सरकारला प्रश्न विचारत नाहीत, मंत्री नसलेले खासदार स्वतःहून आणतात तसे खासगी विधेयकही मांडत नाहीत. वाजपेयींच्या सरकारात भाऊ २००० साली मंत्री झाले आणि मोदींच्या सरकारात २०१४ पासून आजपर्यंत आहेत. शेती, जहाजे, विमाने, अर्थ, पर्यटन, आयुष, संरक्षण, बंदरे, आता वीज. खाती इतकी फिरली, पण दर्जा राज्यमंत्र्याचाच, मध्ये काही वर्षे स्वतंत्र कार्यभार.

मग मते शोधली. लोकसभेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने होतात. अध्यक्ष विचारतात, बाजूचे 'हो' ओरडतात, विरोधातले 'ना' ओरडतात, संपले. कोण काय ओरडला हे कुठेच लिहिलेले नसते. ५ ऑगस्ट २०२५ ला गोव्याच्या विधानसभेत अनुसूचित जमातींना जागा राखून ठेवण्याचे विधेयक लोकसभेत मतदानाला आले. नावातच गोवा असलेले विधेयक दिल्लीत कितीदा येते? विरोधक बिहारच्या मतदारयाद्यांवरून घोषणा देत होते आणि त्या गदारोळात ते आवाजी मतदानाने पास झाले. आमच्या खासदाराचे मत त्या आरड्याओरड्यात विरघळले.

आता माझे म्हणणे. गोव्याला लोकसभेत जागा दोन. त्यातली एक २०१४ पासून प्रश्न विचारूच शकत नाही. आम्ही राज्यमंत्रिपदाचे हार-तुरे करतो, पण ते आमच्या तोंडाला लावलेले बूच आहे. भाऊंनी मंत्रिपद सोडावे आणि उरलेली वर्षे साधे खासदार म्हणून उभे राहून प्रश्न विचारावेत. मते देणाऱ्यांनी तरी त्यांच्याकडे तेवढे मागावे.

मडकईचा गाववाला

मामा, एका भाजीपावावर पंचवीस वर्षांचे राजकारण मोडीत काढलेत.

भाऊ दुर्भाटचे सरपंच होते तेव्हापासून पाहतो आहे. १९९४ साली गोव्यात भाजपचे पहिल्यांदा चार आमदार आले. पणजीतून पर्रीकर, मडकईतून भाऊ. तेव्हा मडकईत कमळ लावायचे म्हणजे सिंहाच्या गुहेत पणती लावण्यासारखे होते. मगोवाले, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षवाले, अंगावर यायचे. हा माणूस सायकलवाल्यालाही थांबवून नमस्कार करायचा, आजही करतो.

मत काय दिले विचारता? पक्षाने सांगितले तसे दिले, आणि मला तेच हवे. २०१९ च्या जुलैत काँग्रेसचे १० आमदार एका रात्रीत पक्ष बदलून आले. आमच्याच पक्षात आले, तरी सांगतो, मला ते रुचले नव्हते. २०२२ च्या जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या खुरसापुढे (क्रॉसपुढे) आणि बेतीच्या दर्ग्यात शपथा घेतल्या की पक्ष सोडणार नाही. सप्टेंबरात ८ आमदार पलीकडे! अशा गोव्यात एक माणूस एका पक्षात, एका शब्दावर इतकी वर्षे टिकला, त्याचे मोल तुमच्या हिरव्या-तांबड्या बटणात मोजता येणार नाही.

२०२१ च्या जानेवारीत अंकोल्याजवळ अपघात झाला. पत्नी गेली. स्वतः कित्येक आठवडे गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात होते. दुसरा कोणी घरी बसला असता.

मयेच्या तळ्याकाठून

गाववाले, अपघाताबद्दल दुमत नाही, त्या वेळी आम्हीही रुद्र केला होता. पण एक विचारतो. मडकई दक्षिण गोवा मतदारसंघात येते. म्हणजे ज्याची एवढी तरफदारी करता त्याला तुम्हाला मतच देता येत नाही. मते आम्ही देतो, हिशेबही आम्हीच मागणार.

मडकईचा गाववाला

मत देता येत नाही म्हणूनच तर निःपक्षपातीपणे बोलतो आहे!

काळ्या कोटातली

दोघांनाही नमस्कार. पहाटेपासून कोर्टाच्या फायली वाचून डोके उठले आहे, तरी लिहिते, कारण दोघेही अर्धेच बोलताय.

मतदानाची नोंद पोकळ का असते त्याचे कारण १९८५ ची ५२ वी घटनादुरुस्ती. तिने दहावी अनुसूची आली. पक्षाने व्हिप, म्हणजे मत कसे द्यायचे त्याचा आदेश, काढला आणि खासदाराने त्याविरुद्ध मत दिले किंवा मतदानाला आलाच नाही, आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केले नाही, तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. व्हिपच्या कागदावर मजकुराखाली तीन रेघा मारलेल्या असल्या की समजायचे, तापाने फणफणत असलात तरी सभागृहात या. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये किहोतो होलोहान खटल्यात हा कायदा वैध ठरवला. तरी हे बंधन विश्वासदर्शक ठरावासारख्या मोठ्या गोष्टींपुरते राहावे असेही सुचवले. पक्षांनी त्यातला सोयीचा भाग उचलला. त्यामुळे आपल्याकडच्या खासदाराच्या मताची यादी काढली तर ती त्याच्या पक्षाचीच यादी निघते. इतर देशांत नाव-गाव घेऊन मतांचे विश्लेषण करतात ते इथे लागू पडत नाही.

म्हणून गाववाल्यांचे बरोबर? नाही. व्हिप मताला असतो, जिभेला नसतो. व्हिप पाळून मत दिले तरी त्याआधी उभे राहून 'यात गोव्याचे नुकसान आहे' असे म्हणायला कोणी बंदी केलेली नाही. साध्या खासदाराला ते जमते. मंत्र्याला जमत नाही, कारण तो मंत्रिमंडळाच्या सामुदायिक जबाबदारीत बांधलेला. त्याला पटले नाही तर राजीनामा हा एकच रस्ता.

आणि मयेवाल्या मामांचे तरी पूर्ण बरोबर आहे का? खासगी विधेयकाचे तुम्ही कौतुक करताय, पण १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही. शुक्रवारी दुपारी मांडतात, फोटो निघतो, पुढे धूळ. दुसरे, आवाजी मतदानाला आव्हान देऊन मतविभाजन मागायचा हक्क कुठल्याही सदस्याला आहे. घंटा वाजते, लॉबीची दारे लागतात, हिरवे (हो), तांबडे (ना) किंवा पिवळे (तटस्थ) बटण दाबायचे आणि नाव छापून येते. मात्र सदस्य हौद्यात उतरून घोषणा देत असतील तर 'आधी जागेवर जा' म्हणून अध्यक्ष ती मागणी उडवून लावतात. २० सप्टेंबर २०२० ला शेती विधेयकांच्या वेळी राज्यसभेत हेच झाले. म्हणजे नोंद न होण्यात गोंधळ घालणाऱ्यांचाही वाटा असतो, नुसता सत्ताधाऱ्यांचा नाही.

केप्यातला एक

तुम्ही ज्या विधेयकाचे उदाहरण घेतले ते आमचे आहे, म्हणून बोलतो.

गावडा, कुणबी, वेळीप या समाजांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. विधानसभेच्या ४० जागांत अनुसूचित जातींसाठी पेडणे राखीव. आमच्यासाठी शून्य. २५ मे २०११ ला बाळ्ळीला आंदोलन पेटले त्यात आमचे दोन तरुण जळून गेले. त्या दिवशी मी रस्त्यावर होतो. धुराचा वास कपड्यांना लागला तो शर्ट आईने धुतला नाही, पुरून टाकला.

विधेयक लोकसभेत आले ५ ऑगस्ट २०२४ ला. पास झाले बरोबर एका वर्षाने, त्याच तारखेला. राज्यसभेत ११ ऑगस्टला. ते हिरव्या बटणाने झाले की ओरडून झाले, याच्याशी आम्हाला काय करायचे आहे? झाले ना? मामा, तुमच्या भाच्याला सांगा, नोंद नसल्याचे दुःख ज्याचे पोट भरलेले आहे त्याला होते.

पण गाववाल्यांनाही विचारतो. २००३ ते २०२५ म्हणजे बावीस वर्षे. या बावीस वर्षांत भाऊ सतत खासदार. श्रेय घ्यायला स्टेजवर सगळे येतील. उशीर कुणाच्या नावावर लिहायचा?

मयेच्या तळ्याकाठून

यावर माझ्याकडे उत्तर नाही. "नोंद नसल्याचे दुःख" हे वाक्य लागले.

बंद ट्रक

मामा ओळखतात मला, पिळगावच्या वळणावर ज्याचा ट्रक सात वर्षे उभा होता तो मीच. ताडपत्रीत पाणी साचून तिच्यावर पिंपळ उगवला होता, हातभर. शेवटी भंगारवाल्याने नेला तेव्हा पिंपळासकट नेला.

७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. मार्चच्या मध्यापासून सगळे थंड. आमची मागणी एकच होती. १९८७ च्या गोवा, दमण आणि दीव खाण परवाने कायद्यात संसदेने दुरुस्ती करावी. पोर्तुगीज काळच्या परवान्यांचे पट्टे १९६१ पासून धरले तर मुदत संपते. १९८७ पासून धरले तर ५० वर्षे २०३७ पर्यंत जातात. एवढेच. त्यासाठी दिल्लीला जाऊन धरणे धरले. थंडीने दात वाजत होते, गोव्याच्या माणसाकडे स्वेटर कुठला! एकाने तर बायकोची शाल आणली होती.

ते विधेयक आलेच नाही. आता मला सांगा, जे विधेयक आलेच नाही त्याच्यावरचे मत कुठल्या यादीत शोधायचे? ते आले असते तर भाऊंनी डोळे मिटून हिरवे बटण दाबले असते. तेव्हा दोन्ही खासदार सत्ताधारी पक्षाचे, उत्तरेला भाऊ, दक्षिणेला सावईकर. राज्यात त्यांचेच सरकार, केंद्रात त्यांचेच. एका ओळीची दुरुस्ती. मंत्रिमंडळात बसलेल्या माणसाला ती ओळ कायदामंत्र्याच्या टेबलावर ठेवता येत नसेल, तर मग माणूस आत असण्याचा उपयोग काय?

मडकईचा गाववाला

न्यायालयाचा निकाल संसदेने फिरवला असता तर दुसऱ्या दिवशी पुन्हा कोणीतरी न्यायालयात उभा. केंद्राने लिलावाचा रस्ता घेतला, २०२२ च्या अखेरीला पहिले लिलाव झाले. वेळ लागला हे मान्य. पण एका राज्यमंत्र्याने एकट्याने काय फिरवायचे?

कुळागरवाली

ट्रकवाल्या भावाचे वाईट वाटते, पण ते विधेयक आले नाही हे फार बरे झाले. खाणी जोरात होत्या तेव्हा पहिल्या पावसाला डोंगरावरून तांबडा चिखल उतरायचा तो सरळ आमच्या शेतात. गुडघाभर. त्यात भात कुठून पिकणार? विहिरीचे पाणी खाली गेले. ट्रकांच्या रांगेत शाळेची मुले अडकायची. भाऊंनी त्या वेळी काही केले नसेल तर न केल्याबद्दल मी त्यांना मत देईन.

बंद ट्रक

ताई, तुमच्या शेताची भरपाई व्हायला हवी होती, आणि माझ्या कर्जाचा हप्ताही. दोन्ही झाले नाही.

सत्तरीची सून

सगळे बोलले, म्हादई नदीच्या पाण्यावर कोणी आले नाही. माझे माहेर बेळगावकडचे, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खाते.

२०१८ च्या ऑगस्टात लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्राने तो निवाडा राजपत्रात घातला. २०२२ च्या डिसेंबरात केंद्रीय जल आयोगाने ते पाणी वळवण्याच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या अहवालाला मान्यता दिली. यातल्या कुठल्याच टप्प्यावर लोकसभेत बटण दाबायची वेळ आली नाही. राजपत्रात छापले, आयोगाने शिक्का मारला. पण तिन्ही वेळा भाऊ त्याच केंद्र सरकारात मंत्री होते. वर वकीलबाईंनी सामुदायिक जबाबदारी म्हटले ना, मग ती इथेही धरा. सरकारने केले म्हणजे भाऊंनीही केले. आयुष इस्पितळ त्यांच्या खात्यावर जमा आणि कळसा-भांडुरा दुसऱ्याच्या खात्यावर, असा जमाखर्च चालत नाही.

मडकईचा गाववाला

सूनबाई, कर्नाटकाचे लोकसभेत २८ आणि आपले २. तिकडचे सगळे पक्ष म्हादईवर एक होतात. गणित तुम्हीच करा. तिथे ओरडून नव्हे, आत बसून सांभाळून घ्यावे लागते. भाऊ बाहेर असते तर कदाचित याहून वाईट झाले असते.

सत्तरीची सून

"याहून वाईट झाले असते" हे असे औषध आहे की रोगी मेला तरी वैद्याचे नाव जात नाही.

सासष्टीकार

उत्तरेकडच्या मंडळींनो, तुमच्या खासदाराला बोलता येत नाही म्हणून रडताय, आमच्याकडे या. आम्ही दोन वेळा बोलणारे धाडले. २०१९ ला सार्दिन ९,७५५ मतांनी, २०२४ ला कॅप्टन विरियातो १३,५३५ मतांनी. विरोधी बाकावरचे, सही करतात, प्रश्न विचारतात, उत्तरे छापून येतात. आणि कोळसा? मुरगाव बंदरात उतरतोच आहे. बायणातल्या माझ्या बहिणीच्या घरी खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवा, बोट काळे होते. प्रश्न विचारून तो थांबला नाही.

दुसरे सांगतो. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातले १११ जलमार्ग आले. त्यात आपल्या सहा नद्या: मांडवी, झुवारी, शापोरा, म्हापसा, साळ आणि कुंभारजुव्याचा कालवा. गोव्यात गावोगाव सभा झाल्या, ग्रामसभांत ठराव झाले, नद्या गेल्या नद्या गेल्या म्हणून. त्या वेळी दोन्ही खासदार सत्ताधारी होते. तेव्हा मला मयेवाल्या मामांचे पटते ते असे की दोन्ही एकाच बाजूचे नकोत. एक आत, एक बाहेर, हेच बरे. सध्या तसेच आहे. त्यामुळे भाऊंना बाहेर ओढू नका, मग आत कोण राहील?

पेडणेकरीण

मी धारगळला राहते. इथल्या आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झाले, त्याच दिवशी मोपाच्या विमानतळाचेही. माझ्या सासूच्या गुडघ्यांना तिथल्या पंचकर्माने आराम पडला, नाहीतर आम्ही कोल्हापूरला चकरा मारत होतो. देशाचे आयुषमंत्री भाऊ नसते तर ती संस्था धारगळच्या माळावर आली असती का? मला नाही वाटत. ती जागा आम्ही जांभळे वेचायला जायचो त्या माळावर आहे. जांभळांचे वाईट वाटते, पण म्हाताऱ्या माणसांच्या रांगा बघितल्या की गप्प बसते.

मामांच्या "बूच" शब्दाला मात्र माझी हरकत आहे. आमच्या पेडण्याचे रमाकांतभाई खलप १९९६ ला मगोचे एकटे खासदार म्हणून गेले आणि कायदा खात्याचे राज्यमंत्री झाले. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला महिला आरक्षणाचे पहिले विधेयक लोकसभेत मांडले गेले, कायदा खाते तेव्हा भाईंकडे. ते तेव्हा पास झाले नाही, २०२३ ला नव्या रूपात ४५४ विरुद्ध २ मतांनी झाले. पण राज्यमंत्री झाला म्हणजे माणूस मुका होतो असे काही नाही. खाते कुठले आणि माणूस कसा, यावर सगळे आहे.

मयेच्या तळ्याकाठून

ताई, भाईंचे उदाहरण चांगले दिलेत, पण ते माझ्याच बाजूने जाते. १९९६ चे ते सरकार म्हणजे तेरा पक्षांच्या काठ्यांवर उभा राहिलेला मांडव होता. त्यात एका खासदाराच्या पक्षालाही किंमत होती. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचे सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. एका बटणाची किंमत त्या दिवशी सगळ्या देशाने दूरदर्शनवर पाहिली. तेव्हा गोव्याचे दोघेही खासदार काँग्रेसचे, रवी नाईक आणि सार्दिन. नंतर २०१४ आणि २०१९ ला भाऊंच्या पक्षाला स्वतःचे बहुमत होते, तेव्हा गोव्याची दोन मते असली काय आणि नसली काय. पण २०२४ ला भाजपचे २४० आले. पुन्हा काठ्यांचा मांडव. आंध्र आणि बिहारने त्या काठ्यांची किंमत वसूल केली. गोव्याने?

मडकईचा गाववाला

आंध्राच्या तेलुगू देसमचे १६ आहेत मामा. आमची एक काठी काढली तर मांडवाला कळणारही नाही. आणि जो माणूस आयुष्यात पक्षाला वाकडा गेला नाही, त्याने सत्तराव्या वर्षानंतर सौदेबाजी करावी अशी तुमची अपेक्षा?

मयेच्या तळ्याकाठून

सौदा नव्हे, एक वाक्य. "म्हादईच्या बाबतीत मला हे मान्य नाही." लोकसभेच्या छापील पानावर, नावासकट. एवढेच मागतो. निष्ठेचे कौतुक तुम्ही करताय ते खरे आहे, पण ती निष्ठा पक्षाला मिळाली. सहा वेळा मते आम्ही दिली.

भाचा

मामाने माझे नाव पुढे करून सगळ्यांना कामाला लावले, म्हणून आता मीही लिहितो. तीन दिवस लोकसभेच्या छापील कार्यवाहीत डोके घातले होते. नाववार मतविभाजने मोजकीच सापडतात. मोठी सगळ्यांना ठाऊक आहेत: ऑगस्ट २०१९ चे जम्मू-काश्मीर पुनर्रचना विधेयक ३७० विरुद्ध ७०, त्याच डिसेंबरातले नागरिकत्वाचे ३११ विरुद्ध ८०, एप्रिल २०२५ चे वक्फचे २८८ विरुद्ध २३२. यात सत्ताधारी पक्षाचा मंत्री कुठे असेल हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. त्यामुळे माझा पहिला प्रश्नच चुकला. केप्याच्या काकांचे पटले.

पण एक गोष्ट शोधताना डोक्यात बसली. नागरिकत्वाचे विधेयक गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टवाल्या घराघरांत चर्चेचा विषय होते, जलमार्ग नदीकाठच्या प्रत्येक वाड्यावर. त्या दिवसांत आपल्याकडे कुणी खासदाराची सभा लावून "तुम्ही काय करणार आहात" असे आधी विचारले का? मला तरी वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींत मोर्चे सापडले, निवेदने सापडली, खासदाराला समोर बसवून विचारल्याचे सापडले नाही. आपण मत झाल्यावर नोंद शोधतो. काळ्या कोटातल्या ताई म्हणाल्या ना, जिभेला व्हिप नाही. आपल्यालाही तो नाही.

आणि आता त्यांच्याकडे वीज खाते आहे. तमनार प्रकल्पाची ४०० केव्हीची वीजवाहिनी मोल्याच्या रानातून न्यायची की नाही यावर इतकी वर्षे भांडण चालू आहे. म्हणजे या खेपेला खाते त्यांचे आणि रान आमचे. मंत्री म्हणून बूच लागले असेल तर ते काढायला यापेक्षा चांगले निमित्त कुठले?

काळ्या कोटातली

दुसऱ्या वर्षालाच इतके? इंटर्नशिपला ये.

फक्त एक दुरुस्ती. त्या खात्याचे कॅबिनेट मंत्री वेगळे आहेत, भाऊ राज्यमंत्री. फाइल त्यांच्याकडून जाईलच असे नाही. विचारताना "तुम्ही थांबवा" म्हणू नको, "तुमचे टिपण काय होते" असे विचार. त्याचे उत्तर टाळणे जास्त कठीण.

बंद ट्रक

विचारणार कोण आणि कुठे? निवेदन घेऊन गेले की चहा मिळतो, फोटो मिळतो, "बघूया" मिळते. हे सगळ्याच पुढाऱ्यांचे.

मयेच्या तळ्याकाठून

चतुर्थीला. दरवर्षी डिचोली भागात भाऊ दहा घरी तरी गणपतीच्या दर्शनाला येतात. आमच्या वाड्यावर आले की माटोळीखाली पाट घालून बसवतो आणि भाच्याला पुढे करतो. टिपणाचा प्रश्न त्यानेच लिहून ठेवावा, एका ओळीत.

मडकईचा गाववाला

विचारा, खुशाल विचारा, भाऊ रागावणारे नव्हेत. पण आधी नेवऱ्यांचे ताट पुढे करा, आणि खोबऱ्याच्या करा, गेल्या वर्षी तुमच्याकडच्या रव्याच्या होत्या.

मयेच्या तळ्याकाठून

तुम्ही आमच्याकडे कधी आला होतात?

मडकईचा गाववाला

भाऊंच्या मागच्या गाडीत कोण होते म्हणता?